माझ्याकडे दिसतं, मग दुसऱ्याकडे का नाही? स्वतःचं वेब पान पहिल्यांदा करणाऱ्यांची नेहमीची अडचण

दर रविवारी सकाळी दहा ते बारा आमच्या गिरगावातल्या चाळीच्या मंडळाची खोली मोकळी असते. एका कोपऱ्यात गणपतीच्या मखराचं सामान, दुसऱ्या कोपऱ्यात देणगीत आलेले दोन संगणक. ज्यांना स्वतःचं वेब पान करायचंय ते तिथे येतात आणि मी त्यांना शिकवते. तबल्याचा वर्ग चालवणारे एक सर आहेत, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकू आहेत, नुकतीच बारावी झालेली एक मुलगी आहे आणि परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम केलेले एक आजोबा आहेत. दोन तासांत पान उभं राहतं. नाव, फोटो, चार ओळी, सगळं जागच्या जागी. मंडळी खूश होऊन घरी जातात. संध्याकाळी सात-साडेसातला फोन वाजायला लागतो.

"ताई, माझ्याकडे नीट दिसतंय हो. पण बाकी कुणाकडेच दिसत नाहीये."

शब्द थोडेफार बदलतात, तक्रार हीच. फोनवर पुन्हा पुन्हा जे सांगते ते इथे एकदा नीट लिहून ठेवते आहे. फाइलींची नावं आणि कोडमधले शब्द मी फोनवर बोलते तसेच देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजीत आणि लहान अक्षरांत करायचे. लहान अक्षरांचा हा आग्रह का, ते पुढे येईलच.

एक गोष्ट आधी पक्की करू. तुमच्या संगणकावर पान नीट दिसलं, यावरून ते लोकांना दिसतंय असं ठरत नाही. तुमच्या संगणकावर तुमचे फोटो आहेत, तुमचे फाँट आहेत आणि काल उघडलेल्या पानाची साठवलेली प्रतही आहे. पाहुण्याकडे यातलं काहीच नसतं. म्हणून तपासायचं ते पाहुण्याच्या जागी उभं राहून: मोबाइलवर, वायफाय बंद करून, ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे जिथे आधी साठवलेलं काही वापरलं जात नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन मिळाला तर फारच छान.

पत्त्याच्या पट्टीत पहिला शब्द कोणता?

पुरणपोळ्यांच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि एकालाही ती उघडेना. फोनवर त्या अगदी रडवेल्या झाल्या होत्या. "अगं, मी आत्ता बघतेय ना समोर, रंगसुद्धा आलेत." मी विचारलं, "काकू, वरच्या पट्टीत सगळ्यात आधी काय लिहिलंय?" त्यांनी वाचलं, "फाइल. मग दोन टिंबं, मग तीन तिरक्या रेघा."

तिथेच निदान झालं. पत्ता 'फाइल'ने सुरू होत असेल तर पान अजून तुमच्या घराबाहेर पडलेलंच नाही. फोल्डरमधल्या फाइलवर डबल क्लिक केलं की ब्राउझर ती उघडून दाखवतो, आणि दिसायला ती हुबेहूब वेबसाइटसारखी असते. लोकांना दिसायचं असेल तर पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू झाला पाहिजे आणि त्यासाठी फाइली कुठल्यातरी सर्व्हरवर, म्हणजे कायम इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर, चढवाव्या लागतात. फुकट जागा देणाऱ्यांत गिटहब पेजेस आणि निओसिटीज या दोन ठिकाणी मी नवख्यांना पाठवते. दोन्हीकडे साधारण १ जीबी जागा मिळते आणि चार पानांच्या साइटला ती आयुष्यभर पुरते. कोडच्या वाटेला जायचं नसेल त्यांनी गुगल साइट्स वापरावं. इथे लिहिलेल्या निम्म्या अडचणी तिथे येतच नाहीत. पण कोड आपल्या हातात राहत नाही. मला स्वतःला आपलं पान आपल्या हाताने लिहिलेलं आवडतं, आणि शिकणाऱ्यालाही त्यात जास्त गोडी लागते हे मी पाहिलं आहे.

चढवताना घाईत होणारी चूक म्हणजे फक्त पानाची फाइल चढते आणि फोटोंचा फोल्डर घरीच राहतो. सर्व्हरवरच्या फाइलींची यादी उघडा आणि आपल्या फोल्डरशी ताडून बघा. त्याला एक मिनिट लागतं.

तबल्याच्या सरांचा फोटो

हा किस्सा सविस्तर सांगते, कारण दोन फोटोंत मिळून तीन चुका होत्या आणि त्या तिन्ही मला दर महिन्याला भेटतात.

सरांनी पानावर त्यांच्या तबल्याच्या जोडीचा फोटो लावला होता. विद्यार्थ्यांच्या फोनवर त्या जागी फाटलेल्या चित्राची बारीकशी खूण दिसत होती. मी त्यांना फोटोची ओळ वाचायला सांगितली. इमेज सोर्सच्या पुढे होतं: सी, दोन टिंबं, युजर्स, मग त्यांचं नाव, डेस्कटॉप आणि शेवटी तबला डॉट जेपीजी.

सी ड्राइव्ह प्रत्येकाचा आपापला असतो. दादरला पूर्वी असंच होतं. पश्चिम रेल्वेचा एक नंबर वेगळा आणि मध्य रेल्वेचा एक नंबर वेगळा. "एक नंबरवर भेट" म्हटलं की एक जण इकडे उभा आणि दुसरा तिकडे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे नंबर दिले तेव्हा तो घोळ मिटला. 'सी ड्राइव्हमधला डेस्कटॉप' हा तसाच पत्ता आहे. सांगणाऱ्याला तो बरोबर वाटतो, पण ऐकणारा उभा असतो दुसरीकडे.

उपाय सोपा आहे. फोटो पानाच्याच फोल्डरमध्ये ठेवायचा आणि ओळीत फक्त त्याचं नाव लिहायचं. फोटोंसाठी आत वेगळा फोल्डर केला असेल तर फोल्डरचं नाव, तिरकी रेघ, फाइलचं नाव. तिरकी रेघ प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती. विंडोजच्या पत्त्यात दिसते ती उलट्या बाजूला झुकलेली रेघ वेबच्या पत्त्यात वापरू नका. सुरुवातीलाही तिरकी रेघ देऊ नका. तिचा अर्थ 'साइटच्या अगदी मुळापासून शोध' असा होतो. गिटहबवर तुमचं पान एखाद्या पोटपत्त्यावर असेल, म्हणजे मुख्य पत्त्यापुढे रेघ आणि प्रकल्पाचं नाव असेल, तर मुळाशी तो फोटो नसतोच.

सरांनी ओळ सुधारली, फाइल चढवली. फोटो तरीही दिसेना.

मग मी त्यांना संगणकावर खऱ्या पत्त्यावरचं पान उघडून एफ-१२ दाबायला सांगितलं. हे बटण माहीत नसेल तर आजच ओळख करून घ्या. बाजूला किंवा खाली एक खिडकी उघडते. तिच्यात 'नेटवर्क' नावाच्या भागात जायचं आणि पान पुन्हा लोड करायचं. पानाने सर्व्हरकडे जे जे मागितलं त्याची यादी दिसते. जे मिळालं नाही ते लाल रंगात येतं आणि पुढे ४०४ असा आकडा असतो. ४०४ म्हणजे 'या नावाचं इथे काही नाही'. लाल ओळीवर माउस नेला की पानाने नेमकं कुठलं नाव मागितलं ते दिसतं. ते नाव आणि सर्व्हरवरचं नाव शेजारी शेजारी धरायचं आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचायचं.

सरांनी वाचलं. मागितलं होतं 'तबला डॉट जेपीजी', सगळं लहान अक्षरांत. सर्व्हरवर होतं तेच नाव, पण टिंबापुढचं 'जेपीजी' मोठ्या अक्षरांत. त्यांच्या कॅमेऱ्याने ते तसं दिलं होतं. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, मॅकही सहसा करत नाही. म्हणून घरी ते चालून गेलं. वेबसाइट ज्या सर्व्हरवर राहतात त्यातले बहुतेक लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सला लहान 'टी' आणि मोठा 'टी' ही दोन वेगळी अक्षरं आहेत. म्हणून माझा नियम एकच: फाइलचं नाव आणि टिंबापुढचं शेपूट, दोन्ही लहान अक्षरांत. 'जेपीजी' आणि मधे ई असलेलं 'जेपीईजी' ही शेपटंही एकमेकांच्या बदली चालत नाहीत. जे फाइलला आहे तेच ओळीत हवं.

सरांनी नाव बदललं. पहिला फोटो दिसला. त्याच्या खालचा दुसरा, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचा, अजून गायबच. तो त्यांना व्हॉट्सॲपवर आला होता आणि तसाच उतरवलेला होता. 'व्हॉट्सॲप इमेज', मग तारीख, मग 'ॲट', मग वेळ, मधे मोकळ्या जागा आणि टिंबं. एवढं लांब नाव ओळीत लिहिताना एक मोकळी जागा राहून गेली होती. अशा फाइलींना आधी छोटं नाव द्या, मगच वापरा. मोकळ्या जागेऐवजी आडवी छोटी रेघ घाला. मराठी नावं ठेवायचा मोह होतो, मला समजतं, मलाही झाला होता. मराठी नावाची फाइल चालतेही, पण पत्ता कॉपी केला की त्याची टक्क्याची चिन्हं आणि आकडे असलेली लांबलचक माळ होते आणि चूक शोधणं कठीण जातं. मजकूर मराठीत ठेवा, फाइलीचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत.

रात्री दहाला सरांचा फोन आला. दोन्ही फोटो दिसत होते.

पानच उघडत नाही, नुसतं ४०४

फोटो नाही तर अख्खं पानच सापडत नसेल तर मुख्य फाइलचं नाव बघा. कुणी तुमच्या साइटचा नुसता पत्ता उघडला की सर्व्हर 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' या नावाची फाइल शोधतो. 'होम', 'माझंपान', 'इंडेक्स-फायनल' ही नावं तो शोधत नाही. गिटहबवर ही फाइल सापडली नाही तर कधी कधी रीडमी नावाच्या माहितीच्या फाइलमधला मजकूरच पान म्हणून समोर येतो आणि माणूस आणखी गोंधळतो.

"पण ताई, माझं नाव इंडेक्सच आहे," असं बारावीवाली मुलगी मला स्क्रीनचा फोटो पाठवून सांगत होती. फोटोत खरंच तसं दिसत होतं. नोटपॅडमध्ये फाइल ठेवताना खालच्या खान्यात 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स' तसंच राहिलं की नावाला मागून 'डॉट टीएक्सटी' चिकटतं. विंडोज फाइलींची शेपटं सहसा लपवून ठेवतं, त्यामुळे ते दिसत नाही. विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडून 'व्ह्यू', त्यात 'शो', त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' यावर खूण करा. विंडोज १० मध्ये तो पर्याय थेट 'व्ह्यू'च्या पट्टीतच आहे. ही खूण एकदा केलीत की कायमची राहू द्या. नोटपॅडमध्ये ठेवताना खालच्या खान्यात 'ऑल फाइल्स' निवडा. मॅकवर टेक्स्टएडिट वापरत असाल तर लिहायला बसण्याआधी 'फॉरमॅट'मध्ये जाऊन 'मेक प्लेन टेक्स्ट' करा, नाहीतर कोडऐवजी सजवलेला मजकूर साठवला जातो.

मराठी अक्षरांचं काय झालं?

आपल्या माणसांना सगळ्यात जास्त त्रास इथे होतो, आणि इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर याबद्दल फारसं काही सापडत नाही. अक्षरं कशी बिघडली आहेत ते आधी नीट बघा. बिघाडाच्या रूपावरून कारण कळतं.

एक रूप: प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन विचित्र चिन्हं. 'मी' एवढा एक शब्द घ्या. तो असा दिसतो: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, चार कोपऱ्यांना रेघा फुटलेलं छोटं गोल, वर्तुळातला आर, मग पुन्हा तोच ए, जपानी येनचं चिन्ह आणि युरोचं चिन्ह. सहा चिन्हं. असं होतं कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत, म्हणजे साठवणीच्या तीन छोट्या घरांत, साठवलं जातं. 'म'चे तीन आणि दीर्घ वेलांटीचे तीन. ब्राउझरला पद्धत सांगितली नसेल तर तो जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने एकेका बाइटाला एकेक चिन्ह देत जातो. तो 'तिरकी रेघवाला ए' दर तिसऱ्या जागी येतो, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो. हे रूप दिसलं तर आनंद माना, तुमचा मजकूर शाबूत आहे. पानाच्या 'हेड' भागात, म्हणजे कोडच्या वरच्या, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, अगदी सुरुवातीला, शीर्षकाच्याही आधी, मेटा टॅग (ब्राउझरला सूचना देणारी ओळ) लिहा: मेटा, मोकळी जागा, कॅरसेट, बरोबरचं चिन्ह आणि दुहेरी अवतरणात यूटीएफ-८. सुरुवातीलाच का, तर ब्राउझर ही सूचना पहिल्या १०२४ बाइटांत मिळेल अशी अपेक्षा ठेवतो.

दुसरं रूप: नुसती प्रश्नचिन्हं. शब्दांऐवजी इंग्रजी प्रश्नचिन्हांच्या रांगा. हे वाईट. फाइल ठेवताना नोटपॅडच्या एन्कोडिंगच्या खान्यात 'एएनएसआय' असेल तर त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही, आणि प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह करून फाइल ठेवली जाते. ती अक्षरं त्या फाइलीत उरलेली नसतात. नोटपॅड ठेवताना तशी सूचना देतो, पण आपण घाईत 'ओके' दाबतो. मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो, किंवा व्हॉट्सॲपवर, मेलवर कुणाला पाठवला असेल तिथून परत घ्यावा लागतो. विंडोज १० च्या २०१९ मधल्या सुधारणेपासून नोटपॅड नवी फाइल आपोआप यूटीएफ-८ मध्येच ठेवतो. जुन्या संगणकांवर मात्र तो खाना दर वेळी बघावा. आमच्या मंडळातल्या एका संगणकावर मी त्यासाठी चिठ्ठीच चिकटवली आहे.

तिसरं रूप आजोबांच्या पानावर आलं.

आजोबांनी गिरणीतल्या दिवसांबद्दल चौदा पानं हाताने लिहिली होती. साच्यांचा आवाज, पाळी सुटल्यावरचा भोंगा, खानावळ, आणि मग संप. त्यांची पहिली ओळच १८ जानेवारी १९८२ या तारखेने सुरू होते, संप सुरू झाला तो दिवस. ती पानं त्यांनी एका डीटीपीच्या दुकानातून टाइप करून आणली होती, छान छापलेलीही होती. दुकानातून मिळालेली फाइल आणि फाँट नातवाने घरच्या संगणकावर घातला, मजकूर पानात चिकटवला, फाँटचं नाव दिलं. घरी सुंदर दिसलं. मुलीच्या फोनवर दिसली इंग्रजी अक्षरं, कंस, अर्धविराम, मधेच टक्क्याची खूण. आजोबा मला म्हणाले, "पोरी, माझं लिहिलेलं कुणी बदललं का?"

कुणी बदललं नव्हतं. छपाईच्या कामात वर्षानुवर्षं जे मराठी फाँट वापरले गेले, त्यात संगणकाच्या लेखी साठत होती ती इंग्रजी अक्षरंच. फाँट त्यांना फक्त मराठी आकार द्यायचा. कागदावर त्याने काही बिघडत नाही. फाँट नसलेल्या फोनवर तो आकार निघून जातो आणि खाली दडलेलं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, तिथे 'म' म्हणजे 'म'च असतो, फाँट कोणताही असो. म्हणून असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी रूपांतराची साधनं मिळतात, पण फाँटचं नेमकं नाव माहीत हवं, कारण प्रत्येक घराण्याची अक्षरांची मांडणी वेगळी. ते दुकानातच विचारून घ्या, किंवा दुकानदारालाच युनिकोडमध्ये बदलून मागा.

रूपांतर झालं की डोळ्यांखालून घालायलाच हवं. आम्ही दोन रविवार बसलो. रफार एक घर पुढे गेलेले, ऱ्हस्व वेलांट्या भलत्या अक्षरावर, 'दुसऱ्या' मधला ऱ्या तुटलेला. आजोबा मोठ्याने वाचायचे आणि मी सुधारायचे. भोंग्याबद्दलचा परिच्छेद वाचताना ते थोडा वेळ थांबले होते, तेव्हा मीही कीबोर्डवरून हात काढून बसले.

चौकोनी खोकी दिसणं हे चौथं रूप. पाहुण्याच्या यंत्रात देवनागरी फाँटच नसेल तर असं होतं. आजच्या फोनमध्ये तो असतोच, त्यामुळे त्यात जास्त वेळ घालवू नका.

पानाच्या पहिल्या एचटीएमएल टॅगमध्ये 'लँग' लिहून त्यापुढे 'एमआर' द्या. ज्या फाँटांत मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' वेगळा केलेला असतो ते फाँट मग तो दाखवू शकतात. नाहीतर हिंदी वळणाची अक्षरं येतात आणि वाचताना कुठेतरी खटकत राहतं. पानासोबत फाँट द्यायचा असेल तर गुगल फाँट्सवर 'मुक्ता' आणि 'बलू' आहेत, दोन्ही मुंबईच्याच 'एक टाइप'चे. मराठीसाठी म्हणून वेगळा केलेला 'तिरो देवनागरी मराठी'ही तिथे आहे. वाचायला तो फार निवांत आहे. आजोबांच्या पानाला आम्ही तोच लावला.

व्हॉट्सॲपवरून आलेला कोड

कुणीतरी तयार कोड पाठवतं, आपण चिकटवतो, आणि लिंक किंवा फोटो चालत नाही. अक्षर न् अक्षर बरोबर दिसतं. अवतरणचिन्हं बघा. कोडला सरळ उभी दुहेरी अवतरणं लागतात. वर्ड किंवा फोनचा कीबोर्ड पुष्कळदा त्यांची वळणदार, स्वल्पविरामासारखी अवतरणं करून टाकतो. ब्राउझर ती वळणदार चिन्हं नावाचाच भाग समजतो आणि तसल्या नावाची फाइल शोधत बसतो. सगळी खोडून संगणकाच्या कीबोर्डवरून पुन्हा टाइप करा. यावर मी एकदा दीड तास घालवला आहे.

फोनवर अक्षरं मुंगीएवढी

याचं कारण, 'हेड'मध्ये व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पडद्याची रुंदी सांगणारा, मेटा टॅग नाही. तो नसेल तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि सगळं आकसून दाखवतो. टॅग असा: मेटा, नेम बरोबर व्ह्यूपोर्ट, कंटेंट बरोबर विड्थ-बरोबर-डिव्हाइस-आडवीरेघ-विड्थ, स्वल्पविराम, इनिशियल-आडवीरेघ-स्केल बरोबर १. सोबत फोटोंना जास्तीत जास्त रुंदी १०० टक्के द्या, म्हणजे ते पडद्याबाहेर जात नाहीत.

इंग्रजी पानाचा तयार साचा घेऊन त्यात मराठी भरलं तर आणखी एक गोष्ट बघा. अशा साच्यांत मथळ्यांना 'लेटर-स्पेसिंग', म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, दिलेली असते, इंग्रजी मोठी अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून. मराठीत तिने शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. ती ओळ काढून टाका. आणि 'लाइन-हाइट', म्हणजे ओळीची उंची, १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात.

बदललं, तरी जुनंच दिसतंय

वर्गाची वेळ बदलली, फाइल चढवली, पण विद्यार्थ्यांना जुनीच वेळ दिसते. आधी थोडं थांबा. गिटहब पेजेसवर बदल दिसायला दहा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. नंतर संगणकावर कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबा, म्हणजे ब्राउझर साठवलेली प्रत बाजूला ठेवून सगळं नव्याने आणतो. फोनवर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून उघडा. तिथे नवं दिसलं तर तुमचं काम बरोबर आहे, फक्त जुनी प्रत अडकून बसली आहे. फोटो बदलायचा असेल तर त्याच नावाने बदलू नका, नवं नाव द्या आणि ओळीतही तेच लिहा.

फोटोंबद्दल थोडं

आयफोनने काढलेले फोटो २०१७ पासून 'एचईआयसी' प्रकारात साठू शकतात. सफारीच्या नव्या आवृत्त्या ते दाखवतात, क्रोम दाखवत नाही. म्हणजे आयफोनवाल्यांना दिसतं आणि बाकीच्यांना नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' करा, पुढचे फोटो जेपीजी होतील. फोनचा फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. १२०० पिक्सेल रुंदीचा करून घेतला की २००-३०० केबीत बसतो आणि लोकलमध्ये उभं राहून उघडणाऱ्यालाही पटकन दिसतो.

आणि एक कळकळीने सांगते. फोनच्या फोटोत तो कुठे काढला त्या जागेचा नकाशावरचा पत्ता दडलेला असू शकतो. चढवण्याआधी विंडोजमध्ये फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिटेल्स' उघडून ती माहिती काढून टाका. लहान मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय लावू नका. तबल्याच्या सरांनी विचारलं, दोन घरांनी नको म्हटलं, आणि सरांनी त्या जागी फक्त तबल्यावरच्या हातांचा फोटो लावला. पान त्याने जास्तच देखणं झालं.

सगळं दिसायला लागलं की त्याच दिवशी अख्ख्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. फुकट जागा बंद होऊ शकतात. लाखो लोकांची घरची पानं असलेलं जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं, आणि ज्यांच्याकडे प्रत नव्हती त्यांना आपलं लिहिलेलं पुन्हा शोधत बसावं लागलं. आजोबांच्या फोल्डरमध्ये एक इंडेक्स फाइल, एक स्टाइलची फाइल आणि सहा फोटो आहेत. त्याच्या दोन प्रती केल्या आहेत, एक नातवाच्या संगणकावर आणि एक पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह आजोबांनी गिरणीच्या ओळखपत्राच्या पाकिटात ठेवला आहे.